खात्री न देणाऱ्या मकासरे सिस्टर

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी मकासरे सिस्टरांचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी घेतो, आणि त्यांना त्याचं वाईट वाटत नाही. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तो कुणामुळे झाला हे त्यांनाही ठाऊक आहे. नवल एवढंच, की ज्या बाईंनी मला मार्गाला लावलं त्यांनी मला कधी कशाचीही खात्री दिली नाही. "होईल रे सगळं चांगलं," हे वाक्य त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. "बघू या. मला तर भीती वाटते," हे मात्र सारखं ऐकलं.

आमचं गाव चोपडा तालुक्यातलं. घरची थोडी केळी, थोडा कापूस. गावात दहावीपुढे शाळा नव्हती, म्हणून अकरावीला मी जळगावला आत्याकडे राहायला आलो. आत्याला सगळी गल्ली अक्का म्हणायची, तसा मीही म्हणू लागलो. अक्काच्या भिंतीला भिंत लागून मकासरे सिस्टरांची खोली होती. बाई नगरकडच्या, ख्रिस्ती, पन्नाशीला टेकलेल्या. दवाखान्यात पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाच्या इनचार्ज होत्या. पायांत पांढरे कापडी बूट, हातात काळी छत्री. ऊन असो नसो, छत्री असायचीच.

ड्यूटीवरून आल्या की त्या स्वतःच्या कुलपाला हात लावत नसत. किल्ली अक्काकडे ठेवलेली असायची. "गोकुळ, कुलूप उघड बाबा. माझे हात अजून दवाखान्यातले आहेत." मग दाराशी झाकून ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायचे, आणि त्यानंतरच उंबरा ओलांडायचा. गल्लीत नळाला पाणी नसलं तरी त्या बादलीला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. केळीच्या मुलखात राहून बाई केळं सोलून, सुरीनं चकत्या करून खायच्या, याचं सगळ्यांना हसू यायचं. अक्का म्हणायची, "सिस्टरबाई, केळानं ऑपरेशन करतस का वं?" सिस्टर हसायच्या नाहीत. "साल लोकांनी हाताळलेली असते," एवढंच म्हणायच्या.

त्यांना नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नसे.

"गोकुळ, येताना पाव आणि रॉकेल आण. पाव वेगळ्या पिशवीत."

"हो सिस्टर."

"हो काय? काय करणार ते सांग."

मग मी सांगायचं, की पाव आणीन, रॉकेल आणीन, पाव वेगळ्या पिशवीत आणीन. वॉर्डात डॉक्टरनं तोंडी सांगितलेलं औषध तसंच्या तसं परत म्हणून दाखवायची त्यांना सवय होती. ती त्यांनी पाव-रॉकेलालाही लावली होती.

गल्लीत त्यांना भित्र्या म्हणत. कुणी डोकं दुखतं म्हणून गोळी मागायला आलं तर त्या देत नसत. "आधी काय घेतलंय? पोटात काही आहे? डॉक्टरला दाखवलं?" एवढं विचारल्यावर माणूसच म्हणायचा, राहू द्या, थांबलं दुखायचं. "इतकी वर्षं दवाखान्यात काढली, अन् एक गोळी द्यायला घाबरते बाई," असं लोक बोलत. सिस्टरांच्या कानावर ते जायचं. त्या म्हणायच्या, "खरंय त्यांचं. घाबरते मी."

एक दुपार मला चांगली आठवते. सकाळची ड्यूटी करून त्या घरी आल्या, हात धुतले, ताट वाढून घेतलं आणि तशाच उठल्या. "गोकुळ, चल माझ्याबरोबर. एका पेशंटला पेनिसिलीन सोसत नाही. ते मी चार्ज देताना बोलले की नाही, आठवत नाही." भर उन्हात आम्ही दोघं चालत दवाखान्यात गेलो. दुपारच्या पाळीची सिस्टर तरुण होती. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही तीनदा सांगितलंत. पेपरवर लाल शाईनं लिहिलंत. आता भिंतीवर लिहू का?"

"लिहिलंस तर बरंच होईल," मकासरे सिस्टर म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या.

मकासरे सिस्टर तिच्याशी बोलत होत्या तेव्हा मी दारात उभा होतो. आत एक पुरुष नर्स, ज्याला तिथं ब्रदर म्हणत, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला कुशीवर वळवत होता. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि तोंडानं त्याच्याशी कापसाच्या भावाच्या गप्पा. म्हातारा वळला आणि "हां, आता बरं शे," म्हणाला. पुरुषमाणूस हे काम करतो हे मी पहिल्यांदा पाहिलं. परतताना सिस्टर एकदम हलक्या झाल्या होत्या, वाटेत त्यांनी भजी घेतली. मला काय व्हायचंय ते मला कळलं होतं, आणि घरी कसं सांगायचं ते कळत नव्हतं.

बारावीला मार्क बरे पडले, पण डॉक्टरकीला पुरतील इतके नाहीत. नर्सिंग करायचं म्हणून मी आधी सिस्टरांनाच सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्या घाबरल्या.

"उभं राहून पाय सुजतात. पेशंटचे नातेवाईक शिव्या देतात. तुझं लग्न जमायला त्रास होईल. नीट विचार कर."

"केलाय सिस्टर."

"काय केलाय ते सांग."

मी त्या म्हाताऱ्याचं सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "नानांना मी सांगते."

नाना म्हणजे माझे वडील. गावात बातमी फुटल्यावर पारावरच्या लोकांनी त्यांना सोडलं नाही. "नाना, पोऱ्याले नर्स करस का? मंग लुगडं कोन लई देई?" पोराला लुगडं घेऊन देण्याची ही थट्टा नानांनी हसण्यावारी नेली, पण त्यांना लागलं होतं. आणि तेवढ्यात त्यांना एक उत्तर सापडलं. ते म्हणजे डिग्री.

आमच्या भागातल्या एका गावात एका संस्थेनं नवीन नर्सिंग कॉलेज काढलं होतं. चार वर्षांची डिग्री. संस्थेचे अध्यक्ष नानांच्या ओळखीचे, त्यांनी शब्द दिला होता. मान्यता यायची होती. "आलीच म्हणून समजा," असं ते म्हणत. याच सुमारास धुळ्याच्या सरकारी नर्सिंग शाळेच्या यादीत माझं नाव लागलं. मुलांना तिथं मोजक्याच जागा. पण तो डिप्लोमा होता, आणि आठवड्याच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा पुढच्याला. पुण्या-मुंबईत डिग्री होती, पण तिथं माझ्या मार्कांना कोण विचारतो?

"डिप्लोमा करी तं कंपाउंडर म्हनतीन," नाना म्हणाले. "डिग्री करी तं पदवीधर म्हनतीन. आपला घरमा कोन्ही पदवीधर शे का?"

मलाही डिग्रीच हवी होती. हे इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे जे घडलं त्यात मला कुठलाही शहाणपणा सुचला नव्हता. पदवीधर हा शब्द मला नानांइतकाच गोड वाटत होता.

सिस्टर म्हणाल्या, "कॉलेज बघून येऊ. इमारत नको, पेशंट बघू. नर्सिंगची शाळा म्हणजे तिचा दवाखाना. पेशंट नसले तर पोरं शिकतील कुणावर?"

त्यांच्या सुट्टीच्या दिवशी मी, नाना आणि सिस्टर एसटीनं तिकडे गेलो. छत्री होतीच. नानांनी त्यांची ओळख 'पोराची मावशी' अशी करून दिली. नर्स म्हटलं असतं तर संस्थेचे लोक बिचकले असते, असा त्यांचा हिशेब. त्या दिवशी तिथं मोठी गडबड होती. मान्यतेची तपासणी करणारे साहेब दुपारी यायचे होते. रांगोळ्या काढल्या होत्या. काचेच्या कपाटात हाडांचा सापळा होता, नव्या बाकांना अजून वार्निशचा वास होता. नाना खुशीत आले. एक कारकून आम्हाला दवाखान्याचा वॉर्ड दाखवायला घेऊन गेला. सगळ्या खाटा भरलेल्या होत्या. नाना सिस्टरांकडे बघून म्हणाले, "दखा. तुम्ही पेशंट पेशंट करी राहिनात. हे काय शे?"

सिस्टर दारातच थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मला हळूच म्हणाल्या, "गोकुळ, यांचे नातेवाईक कुठे आहेत?"

मी पाहिलं. खरंच, वॉर्डात नातेवाईक नव्हते. आपल्याकडे एक माणूस खाटेवर असला की दोन माणसं खाटेखाली असतात. डबे असतात, पाण्याचे तांबे असतात, मोसंब्या असतात, वाळत घातलेलं धोतर असतं. इथं एका खाटेपाशी एक चप्पलसुद्धा नव्हती.

मी पुढे बऱ्याच लोकांना हा प्रसंग सांगितला. सगळे म्हणतात, बाई हुशार, लगेच ओळखलं. तसं नव्हतं. सिस्टरांना सोंग वगैरे काही सुचलंच नव्हतं. त्यांना वाटलं, या माणसांना कुणीतरी टाकून दिलंय. त्या पहिल्या खाटेपाशी गेल्या आणि डोळ्यांत पाणी आणून विचारू लागल्या, "बाबा, तुमचं कोण आहे? घरी कळवलंय का? जेवलात का?" तो माणूस गोंधळून भिंतीकडे तोंड करून झोपला. दुसऱ्या खाटेवरच्यानं चादर तोंडावर ओढली. कारकून "मावशी, चला, मावशी, चला" करत मागे लागला. पण सिस्टरांना खाटेवरचा माणूस ओलांडून जाता येत नसे. तिसऱ्या खाटेवर पायाला जाड बँडेज बांधलेला एकजण डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला होता. सिस्टरांनी पांघरूण बाजूला करून त्याच्या कपाळाला हात लावला.

ते आमचे सुपडूकाका होते. नानांचे सख्खे धाकटे भाऊ.

काकांनी सिस्टरांना ओळखलं नाही, मला ओळखलं. पडल्या पडल्या कुजबुजले, "ए गोकुळ, बोलू नको रे! माले काही व्हयेल नही. बठ्ठी आपली केळी कापनारी टोळी शे आठे. साहेब जाईपावत झोपनं शे. जेवन भू चांगलं देतस."

सगळ्या खाटांवर आमच्याकडचे केळी कापणारेच झोपवले होते. मग काकांची नजर माझ्या मागे गेली. नाना उभे होते.

"सुपडू," नाना म्हणाले, "तुना पायले काय व्हयनं?"

"काही नही, भाऊ."

"मंग ऊठ."

"साहेब येवाना शेत, भाऊ. आते कसा उठू?"

कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. आता सिस्टर काहीतरी बोलतील, असं मला वाटलं. त्यांना सगळं कळायला क्षणभर वेळ लागला. मग त्यांनी काकांच्या पायाचं बँडेज तपासलं आणि एवढंच म्हणाल्या, "फार आवळून बांधलंय. पाय काळा पडेल." खाली बसून त्यांनी ते खोटं बँडेज सोडलं, पुन्हा नीट, सैल बांधलं, चादर सरळ केली आणि बाहेर आल्या.

परतीची एसटी यायला उशीर होता. स्टँडवर नाना बाकावर टेकले. मग म्हणाले, "सिस्टर, घर पहिले बांधतस, मंग रहाले जातस. पेशंट बी मागून येतीन. आज नहीत, उद्या येतीन. डिग्री तं डिग्रीच शे."

"असेल नाना. येतीलही," सिस्टर म्हणाल्या. "मला सांगता येत नाही. डिग्री नसली की काय होतं ते मात्र मला माहीत आहे. मला शिकवायची हौस होती. ट्यूटरची जागा निघाली, आणि माझ्या हाताखाली शिकलेली मुलगी तिथं बसली. तिच्याकडे डिग्री होती. मी अजून वॉर्डातच आहे. तेव्हा डिग्री नको असं मी कुठल्या तोंडानं सांगू?"

"मंग काय करनं?" नाना जवळजवळ ओरडले.

"धुळ्याला जावं, असं मला वाटतं. तिथं पेशंट आहेत. डिप्लोमा करावा, नोकरी करावी, दोन वर्षांनी नोकरीतल्या लोकांसाठी डिग्रीचा कोर्स असतो, तो करावा. पण तिथं त्याला जागा मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. आणि नोकरी लागली की माणूस सुस्तावतो. मी सुस्तावले. मला भीती वाटते, नाना. मी चूक सांगत असेन तर पोराचं वाटोळं होईल."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी सिस्टरांच्या कापडी बुटांकडे पाहिलं. तो आठवडा मला नीट झोप लागली नाही. शेवटच्या दिवशी मी धुळ्याला हजर झालो तेव्हाही मनात धाकधूक होती, की पदवीधर व्हायची संधी आपण खाटेवर झोपलेल्या काकांपायी घालवली. नाना मला पोचवायला आले नाहीत. सिस्टर आल्या. ड्यूटी बदलायच्या वेळी त्यांनी मला गेटपाशी उभं केलं आणि बाहेर पडणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलींकडे बोट दाखवलं. "बघ. दमल्यात. म्हणजे काम असतं इथं." जाताना "चांगलं झालं" असं काही म्हणतील म्हणून मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "बघू या."

धुळ्याची वर्षं कष्टाची गेली. नंतर शिरपूरला एका दवाखान्यात नोकरी लागली. सातपुड्यातल्या पाड्यांवरून पेशंट यायचे. सर्पदंश, बाळंतपणं, हगवण, झाडावरून पडलेले. काम पुष्कळ होतं, लोक मान द्यायचे. नानांचा रागही ओसरला. सिस्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं. मी सुस्तावलो. डिग्रीचा विषय मी काढेनासा झालो.

एके दिवशी दुपारी वॉर्डाच्या दारात काळी छत्री दिसली. सिस्टर जळगावहून एसटी बदलत आल्या होत्या. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "दोन वर्षं झाली. अर्ज निघालेत. कधी भरणार?"

"सिस्टर, आता इथं चांगलं चाललंय."

"तेच. मला तेच ऐकायची भीती होती." आणि त्या बाकावर बसून राहिल्या. रागावल्या नाहीत, समजावलं नाही. मी पेशंट बघत होतो, त्या बसून होत्या. शेवटची एसटी निघायच्या आत मी अर्ज मागवायचं कबूल केलं. नुसतं हो म्हणून चाललं नाही. कुठून मागवणार, कुणाची सही घेणार, कधी टपालात टाकणार, सगळं म्हणून दाखवावं लागलं.

त्याच भेटीत मी त्यांना एक बातमी दिली होती. त्या नव्या कॉलेजला पुढे मान्यता मिळाली, खरे पेशंटही आले. पण ते सगळं पहिल्या तुकडीनंतर. पहिल्या तुकडीच्या मुलामुलींना दुसरीकडे पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल, आपला सल्ला बरोबर ठरला म्हणून. त्यांनी पदर तोंडाला लावला. "अरे देवा. किती पोरं होती रे? मी त्या दिवशी बँडेज बांधून गप निघून आले. गेटवर उभं राहून निदान त्यांच्या आईबापांना तरी सांगायला हवं होतं." एसटीत बसेपर्यंत त्या हेच बोलत होत्या. माझ्याबद्दल त्या एका शब्दानंही बोलल्या नाहीत.

मला पुण्याला प्रवेश मिळाला. तिकडे जाण्याआधी जळगावला गेलो, तेव्हा सिस्टर निवृत्त होऊन नगरकडे निघाल्या होत्या. गल्लीत टेम्पो उभा होता. सामान फारसं नव्हतंच. अक्का रडत होती, ज्यांना त्यांनी कधी गोळी दिली नाही ते सगळे निरोपाला आले होते. टेम्पो सुरू झाला, कोपऱ्यापर्यंत गेला आणि थांबला. सिस्टर खाली उतरल्या, चालत परत आल्या, रिकाम्या खोलीत जाऊन सगळीकडे बघितलं, पुन्हा टेम्पोकडे निघाल्या. माझ्याजवळून जाताना म्हणाल्या, "पुण्यात नीट राहा. मला काही धड सांगता येत नाही रे." टेम्पो वळला. ते मला झालेलं त्यांचं शेवटचं दर्शन.

डिग्रीचा निकाल लागल्यावर मी त्यांना जे पत्र पाठवलं, त्याची कच्ची प्रत माझ्याकडे आहे. ती जशी आहे तशी देतो.

ती. मकासरे सिस्टर यांस,

सा. नमस्कार.

मी पास झालो. पहिल्या वर्गात. नाना गावात ज्याला त्याला अडवून "मना पोऱ्या पदवीधर शे" असं सांगतात, आणि सुपडूकाका त्यांच्या मागे उभे राहून माना डोलावतात. धुळ्याच्या आमच्या शाळेत ट्यूटरची जागा निघाली होती. मला घेतलं आहे. पुढच्या महिन्यात हजर होईन. ही जागा खरं तर तुमची. हे मला पत्रात नीट लिहिता येत नाही, तुम्ही समजून घ्या.

तुम्ही मला धुळ्याला पाठवलंत ते बरोबर की चूक, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. तुम्हाला स्वतःलाच ते माहीत नव्हतं, हे मला आता कळतं. म्हणून मी कळवतो. ते बरोबर होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. इथं पुण्यात परवा एका मुलीचा सलाइन लावताना हात थरथरत होता. मला धुळ्याला पहिल्यांदा सलाइन लावलं तो दिवस आठवला. माझाही हात असाच थरथरला होता, पण पुढच्या खाटेवर दुसरा पेशंट होता आणि त्याच्या पुढच्यावर तिसरा. संध्याकाळपर्यंत थरथर गेली. पेशंट नसते तर ती अजून हातात असती, आणि डिग्री भिंतीवर.

तेव्हा सिस्टर, माझी एवढी एक काळजी आता डोक्यावरून उतरवा. बाकीच्या तुम्ही सोडणार नाही, हे मला माहीत आहे.

आपला,
गोकुळ